सरसकट तपासणीचा हट्ट सोडा

ओट्यावर बसून आशाताई तक्ता भरत होत्या. समोर पंचेचाळिशीची बाई, शेतमजुरी करणारी, अंगाने वाळलेली. वय चाळीस ते एकोणपन्नास, म्हणजे दोन गुण. तंबाखू? “मिश्री लावते सकाळ-संध्याकाळ. लग्न होऊन आले तवापासनं.” रोजचा वापर, आणखी दोन गुण. दारू नाही, शून्य. कमरेला टेप लावली, ऐंशी सेंटिमीटरच्या आत, शून्य. दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईला व्यायामाचं काय विचारायचं? तिथेही शून्य. आईवडील-भावंडांत रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार कुणाला नाही, शून्य. बेरीज चार.

तक्त्यात सूचना होती : चारपेक्षा जास्त गुण असणाऱ्यांना तपासणीच्या दिवशी प्राधान्याने पाठवावे.

दुसऱ्या भागात लक्षणांचे प्रश्न होते. तोंड उघडायला त्रास होतो का, या प्रश्नावर बाई “नाही” म्हणाली होती. भाकरी खाल्ली जाते, मग त्रास कसला? आशाताईंनी बेरजेकडे पाहिलं, मग बाईकडे पाहिलं. “मावशी, कामावर सुपारी चघळता का?” बाईने कनवटीचं खांड काढून दाखवलं. “मग आ करा बरं. तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घाला.” दोन बोटं गेली, तिसरं दातांना अडलं. बाईला स्वतःलाच नवल वाटलं. आशाताईंनी तिचं नाव यादीत सगळ्यात वर लिहिलं.

हा प्रसंग सांगायचं कारण असं, की कॅन्सरच्या तपासणीत माणसाची जोखीम पाहावी, या विचाराविरुद्ध एक सूर वारंवार लागतो आणि त्याला मला उत्तर द्यायचं आहे. व्याख्यानांत, आरोग्य पुरवण्यांत, शिबिरांच्या उद्घाटनांत तो ऐकू येतो. ‘कॅन्सर गरीब-श्रीमंत पाहत नाही, मग तपासणीत डावं-उजवं कशाला? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या सगळ्या तपासण्या सारख्याच करा. कुणाला जास्त आणि कुणाला कमी हे ठरवायला बसलात, की सरकार त्यात पैसे वाचवणार. आणि कमी जोखमीचा म्हणून घरी पाठवलेला माणूस दगावला, तर जबाबदार कोण?’ या म्हणण्यामागे कळवळा आहे, हे मला मान्य आहे. त्यातला शेवटचा प्रश्न तर खरोखर अवघड आहे. तरीही हे म्हणणं चुकीचं आहे, आणि त्याची किंमत त्या ओट्यावरच्या बाईला मोजावी लागते.

कुणी म्हणेल, हा प्रसंग तर तुमच्याच विरुद्ध जातो, कारण जोखमीचे गुण मोजले आणि बाई सुटली. तसं नाही. त्या तक्त्याने मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि कॅन्सर यांची जोखीम एकाच बेरजेत घातली आहे. बावन्न वर्षांचा, कधीही तंबाखू न खाल्लेला, एकशेपाच सेंटिमीटर कमरेचा गृहस्थ त्याच तक्त्यात वयाचे तीन आणि कमरेचे दोन असे पाच गुण घेऊन बाईच्या पुढे उभा राहतो. मधुमेहासाठी त्याने पुढे असायलाच हवं. तोंडाच्या कॅन्सरसाठी मात्र बाईचा नंबर आधी लागतो. मोजमाप चुकलं ते बाईची जोखीम नीट पाहिली नाही म्हणून. आणि ती चूक दुरुस्त केली आशाताईंच्या नजरेने, जिने मिश्री पाहिली, सुपारी विचारली आणि तोंड उघडून बघितलं.

आता समतेचा मुद्दा घेऊ. तीस ते पासष्ट वयाच्या सगळ्यांची दर पाच वर्षांनी तोंडाची, आणि स्त्रियांची स्तनाची व गर्भाशयमुखाचीही तपासणी, असा आराखडा केंद्र सरकारने २०१६ मध्ये आखला. सरसकट तपासणीवाल्यांना हवं ते कागदावर आलेलं आहे. गावात काय झालं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया देशभरात १.९ टक्के निघाल्या. स्तनाची तपासणी झालेल्या ०.९ टक्के, तोंडाची ०.९ टक्के. पुरुषांत तोंडाची तपासणी झालेले १.२ टक्के. सगळ्यांना द्यायचं ठरवलं आणि शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना काहीच मिळालं नाही.

यात नवल नाही. सपाट भागात एका उपकेंद्राखाली साधारण ५,००० वस्ती येते. त्यात तिशीपुढचे दोन-अडीच हजार. परिचारिका एक, तिच्यामागे लसीकरण, बाळंतपणं, नोंदवह्या. सगळेच सारखे म्हटलं, की ती जो दारात येईल त्याला तपासते. दारात कोण येतं? ज्याला सुट्टी परवडते, ज्याचं घर जवळ आहे, ज्याला तब्येतीची आधीच काळजी आहे तो. रोजंदारी बुडवून शिबिराला येणं त्या बाईला परवडत नाही, आणि पान-तंबाखूवाला तर ‘नसतं लचांड मागे लागेल’ म्हणून रस्ता बदलतो. सरसकट तपासणीत रांग लागते ती अशी. ज्याची गरज सगळ्यात जास्त, तो त्या रांगेत शेवटी उभा असतो किंवा रांगेत नसतोच.

आपल्याच देशातला पुरावा पाहा. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६ मध्ये तोंडाच्या तपासणीचा मोठा प्रयोग सुरू झाला. पस्तिशीपुढची जवळजवळ १ लाख ९० हजार माणसं, १३ विभाग. काही विभागांत आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन तोंडं तपासली, उरलेल्यांत नेहमीचीच सेवा राहिली. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूचं सेवन करणाऱ्यांत तपासणीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. सेवन न करणाऱ्यांत तसा फायदा दिसला नाही, आणि सगळ्यांना एकत्र धरलं तर आकडा इतका पातळ झाला, की फायदा ठामपणे सांगताच येईना.

प्रौढांच्या तंबाखू सेवनाच्या २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. उपकेंद्राच्या अडीच हजारांच्या यादीत अशी साधारण सहाशे माणसं निघतील. परिचारिका आणि आशाताई मिळून सहाशे तोंडं दरवर्षी पाहू शकतात. अडीच हजारांचा आग्रह धरला, तर त्या सहाशेंचंही राहून जातं. त्यांना आधी आणि पुन्हा पुन्हा तपासणं यालाच मी समता म्हणतो. पाण्याचा टँकर आला, तर ज्या वस्तीची विहीर आटली आहे तिथे आधी जातो. त्यावर कुणी भेदभावाची तक्रार करत नाही.

दुसरा मुद्दा असा मांडतात, की जास्त तपासणीने नुकसान काय होणार, झाला तर फायदाच होईल. ही समजूत सगळ्यात खोल रुजलेली आहे आणि माझ्या मते सगळ्यात घातक आहे.

थोडं गणित करू. समजा एक तपासणी दहा रोग्यांपैकी नऊ पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी दहा जणांवर चुकून बोट ठेवते. जोखमीच्या हजार माणसांत रोगी वीस आहेत. तपासणी अठरा पकडेल आणि ९८ निरोगी माणसांना उगाच बोलावेल. म्हणजे बोलावलेल्या साधारण सहांपैकी एकाला खरोखर रोग असेल. आता तीच तपासणी कमी जोखमीच्या हजार जणांवर करा, जिथे रोगी एकच आहे. तो एक सापडेलही कदाचित, पण त्याच्यासोबत शंभर निरोगी माणसं घाबरून तालुक्याला, जिल्ह्याला हेलपाटे घालतील. सुया टोचून घेतील, तुकडे काढून देतील, कर्ज काढतील. तपासणी तीच आणि यंत्रही तेच असताना एका ठिकाणी ती जीव वाचवते आणि दुसऱ्या ठिकाणी निरोगी माणसांना रोगी करते. फरक पडतो तो समोर कोण बसलं आहे यामुळे.

दक्षिण कोरियात हे देशाच्या पातळीवर घडलं. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी जोडली गेली आणि सरसकट होऊ लागली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉईडच्या कॅन्सरचं निदान पंधरा पटींनी वाढलं. त्या कॅन्सरचे मृत्यू मात्र होते तिथेच राहिले. हजारो माणसांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या. ज्या गाठींनी त्यांना कधी त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हे झालं.

आपल्याकडेही वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला आईवडिलांना ‘फुल बॉडी चेकअप’ भेट देण्याची पद्धत मध्यमवर्गात रुळली आहे. त्या यादीत सीए-१२५ सारख्या रक्तचाचण्या असतात आणि मुलगी प्रेमाने आईसाठी त्यावर खूण करते. ब्रिटनमध्ये २ लाखांहून जास्त स्त्रियांवर याच चाचणीची वर्षानुवर्षं पारख झाली. काही जणींची दरवर्षी सीए-१२५, काही जणींची सोनोग्राफी आणि उरलेल्यांची काहीच नाही. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षात बीजाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कोणत्याही गटात कमी झालेले दिसले नाहीत. त्या मुलीचं प्रेम खरं आहे. तिला हे कुणी सांगितलं नाही, हा दोष आपला आहे.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. कमी जोखमीचा म्हणून सोडलेल्यांतला कुणी दगावला तर?

स्तनाच्या कॅन्सरबाबत हा प्रश्न विशेष टोकदार आहे, कारण हा आजार झालेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या घरात तो आधी कुणाला झालेला नसतो. ‘आईला नाही, मावशीला नाही, मग मला कसा?’ असं म्हणत बसलेल्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. विरोधकांचा हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यातून वेगळा निष्कर्ष काढतो. घराण्यात आजार नाही म्हणजे जोखीम नाही, असं मानणारं मोजमाप टाकाऊ आहे. जोखमीत सगळ्यात वजनदार गोष्ट वय आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये, निष्कर्ष आले. सगळ्या वयांच्या स्त्रिया एकत्र धरल्या, तर मृत्यूंतली घट खात्रीने सांगता येण्याइतकी नव्हती. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आत ही घट नव्हती. गावातल्या पन्नाशीपुढच्या स्त्रीला कोण विचारतं? शिबिरात पुढे असतात त्या तरुण सुना. सासू घर राखायला मागे राहते.

दुसरी गोष्ट अशी, की कमी जोखीम म्हणजे दार बंद, असं कुणीही शहाणा माणूस म्हणत नाही. किमान तपासणी सगळ्यांनाच मिळाली पाहिजे, आणि ज्याची जोखीम जास्त त्याला त्यावर आणखी. जोखीम एकदा मोजून पुरत नाही. वय वाढतं, सवयी बदलतात, बहिणीला आजार निघतो, तसं ती पुन्हा मोजायची. आणि ज्या बाईच्या हाताला गाठ लागली, अंगावरून अवेळी रक्त गेलं, ज्याच्या तोंडातला छाला तीन आठवड्यांत बरा झाला नाही, त्याला जोखमीचा प्रश्न विचारायचाच नाही. ती लक्षणं आहेत. तिथे थेट डॉक्टरकडे जायचं, गुण शून्य असले तरीही. निरोग्याची चाळणी वेगळी आणि आजाऱ्याची तपासणी वेगळी. सरसकट तपासणीचे समर्थक या दोन्ही गोष्टी एकत्र करतात आणि मग भीती दाखवतात.

कमी तपासणी सुरक्षित असू शकते का? याचं उत्तर मराठवाड्यातल्या स्त्रियांनी जगाला दिलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रिया १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या अभ्यासात सहभागी झाल्या. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय त्यामागे होतं. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी फक्त एकदा मिळाली, त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. शिवाय ज्यांच्यात विषाणू सापडला नाही, त्या स्त्रियांना पुढच्या आठ वर्षांत हा कॅन्सर फारच क्वचित झाला. म्हणजे एका तपासणीने जोखीम कळली. विषाणू नसलेल्या बाईला आता काही वर्षं निर्धास्त राहू द्या, आणि जिच्यात आहे तिच्याकडे सगळं लक्ष द्या. जागतिक आरोग्य संघटना आज हेच सांगते : सर्वसाधारण स्त्रीला तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी, आणि एचआयव्ही असलेल्या स्त्रीला पंचविशीपासून दर तीन ते पाच वर्षांनी तपासणी. या फरकाला कुणी अन्याय म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

राहिला लोकमताचा मुद्दा. ‘आपल्या लोकांना हे कळणार नाही. तपासणी कमी केली, तर ते चिडतील. जोखीम सांगितली, तर घाबरतील.’ लोकांना तपासणीचं आकर्षण आहे हे खरं. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हजार डॉलर रोख घेता की संपूर्ण शरीराचा सीटी स्कॅन, असं विचारलं तेव्हा ७३ टक्के लोकांनी स्कॅन मागितला होता. पण तो त्या समाजाचा अखेरचा शब्द नव्हता. तिथेच स्तनाच्या कॅन्सरसाठी जोखमीनुसार तपासणीचा ‘विज्डम’ नावाचा मोठा अभ्यास झाला. दरवर्षी सरसकट मॅमोग्राफी, की जोखीम मोजून त्याप्रमाणे, हे ज्या स्त्रियांना स्वतः निवडू दिलं, त्यांतल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणींनी जोखमीचा रस्ता घेतला. अभ्यासाचा निष्कर्ष २०२५ च्या डिसेंबरमध्ये आला : जोखमीनुसार तपासलेल्या गटात पुढच्या टप्प्यातले कॅन्सर वाढले नाहीत. कोरियातही २०१४ मध्ये डॉक्टर जाहीरपणे बोलू लागले आणि वर्षभरात थायरॉईडच्या शस्त्रक्रिया एक तृतीयांशाहून जास्त घटल्या. नीट सांगितलं की माणसांना कळतं. कळत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपण सांगितलेलंच नसतं.

आणि आपल्या गावातल्या माणसाला जोखीम कळत नाही, हे कुणी ठरवलं? पाऊस किती लांबला तर पेरणीचं काय करायचं, कोणत्या शिवारात विहीर घ्यायची, कोणत्या सावकाराकडून उचल घ्यायची, हे तो रोज तोलतो. त्याला अडवते ती लाज. “तंबाखू खातो ना, मग भोगा” असं दवाखान्यात एकदा ऐकलेला माणूस पुन्हा तोंड उघडायला येत नाही. जोखमीनुसार तपासणी करायची असेल, तर ही बोलणी आधी थांबली पाहिजेत. ज्याची जोखीम जास्त त्याच्याशी जास्त मायेने बोललं पाहिजे.

म्हणून माझ्या बाजूच्या लोकांनाही तीन गोष्टी ठणकावून सांगायच्या आहेत. एक, मोजमाप आपल्या मातीतलं हवं. युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांच्या आकडेवारीवर बांधलेलं सूत्र इथे जसंच्या तसं लावू नका. तक्त्यात मिश्रीचं नाव लिहा, सुपारीला स्वतंत्र गुण द्या, कारण तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवलेलं आहे. घरात कॅन्सर कुणाला झाला, हेही गुण देताना विचारा. दोन, प्रत्येक आजाराची बेरीज वेगळी ठेवा. तीन, वाचलेला वेळ आणि पैसा जोखमीच्या माणसांच्या पाठपुराव्यासाठीच खर्च करा. ज्याला चट्टा सापडला त्याला जिल्ह्याला नेणारी गाडी, बुडालेली मजुरी आणि तुकडा तपासणारा डॉक्टर या सगळ्याची सोय नसेल, तर तपासणीला अर्थ नाही. जोखमीचं नाव घेऊन कुणी केवळ पैसे वाचवू पाहील, तर त्याच्या विरोधात मी सरसकट तपासणीवाल्यांच्या शेजारी उभा राहीन.

तोपर्यंत एक गोष्ट वाचकांच्या हातात आहे. आज घरी, शेतावर किंवा कामाच्या ठिकाणी, रोज तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा सुपारी खाणाऱ्या आपल्या माणसाला उजेडात बसवा. त्याच्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जातात का, ते पाहा. गालाच्या आत, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, ते पाहा. बोटं अडली किंवा चट्टा दिसला, तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी सोबत जा.